खोटा शेरा

आदरणीय जजसाहेब,
साहेबराव बेलिफाचा सविनय जयभीम.

तुमची बदली झाली, तरी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक न्हाई. लातूर जिल्हा नवा झाला, त्या सालच्या दुष्काळात गावतळ्याचं पाणी मंत्र्यांच्या कारखान्याला द्यायला तुम्ही मनाई केली. तो हुकूम बजावायला मी पाटबंधारे कचेरीत गेलो तेव्हा इंजिनियर खुर्चीतच होते. शेजारी बसलेला मंत्र्यांचा माणूस म्हणाला, "साहेब दौऱ्यावर हायत, असं लिव्हा. तुमची लेक मास्तरीण हाय ना? नोकरी अजून कच्चीच हाय म्हणं."

मी हुकुमावर तसाच खोटा शेरा लिहिला. हुकूम बजावलाच गेला न्हाई, म्हणून आठ दिवस पाणी उपसायच्या मोटारी चालल्या आणि तळं आटलं. अर्ज करणारी नागुबाई मला कोर्टाच्या पायरीवर भेटली. म्हणाली, "भाऊ, जजसाहेबांनी आमच्या बाजूनं लिव्हलं होतं ना? मग पाणी कसं गेलं?" मी पायऱ्या चढून आत निघून गेलो.

आज नव्या जजसाहेबांपुढं मी सगळं खरं लिहून नेलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, परत माझ्याकडं सरकवला आणि हळूच म्हणाले, "साहेबराव, मलाही लेकरं आहेत."

हे पत्र टपालात टाकायची हिंमत न्हाई. आता कुणापुढं जाऊ, साहेब?

तुमचा अपराधी,
साहेबराव