लाल गाडीतला ठोका

आबा, तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, आणि काल तुमचा लांब स्क्रूड्रायव्हर मी पुन्हा हातात घेतला. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला, आमच्या गराजमध्ये एक जुनी लाल अमेरिकन गाडी आहे, टप उघडणारी. ह्यांनी ती गंजलेली आणली आणि तीन वर्षं शनिवार-रविवार खपून नव्यासारखी केली. ऑफिसात ले-ऑफची कुजबुज चालू असताना त्यांना तेवढाच विरंगुळा. आत तेच मोठं, कंपनीकडून खास मागवून घ्यायचं जादा ताकदीचं इंजिन, तुम्ही बांधून दिलेल्या, कोल्हापूरच्या त्या कारखानदाराच्या गाडीत होतं ते. मी ही गाडी नको म्हटलं होतं. का नको, ते विचारल्यावर मी पेट्रोलच्या खर्चाचं कारण पुढे केलं.

वर्कशॉपच्या आवाजाने तुमचे कान गेले होते, हे फक्त मला ठाऊक. गिऱ्हाइकाला कळलं तर धंदा बसायचा. म्हणून इंजिन बांधून झालं की तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवायचात आणि मूठ माझ्या कानाला लावायचात. "ऐक गं पोरी. ठोका हाय का? आला तर आत कायतरी ढिलं हाय." त्या दिवशी मी कॉलेजातून तशीच आले होते. कारखानदाराची ती गाडीही लाल, टप खाली, आणि तुम्ही कबूल केलेलं, ट्रायलला तुला कॉलेजवरनं फिरवून आणतो. आतून ठोका येत होता. बारीक, पण येत होता. इंजिन पुन्हा उघडायचं म्हणजे आठवडा गेला, आणि मैत्रिणी तर कॉलेजच्या गेटवर थांबलेल्या. मी म्हटलं, "काही नाही आबा. चला ना."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या रस्त्यावर मालकाच्या हातात इंजिन फुटलं. मिस्त्रीचा कान गेला, असं गावभर झालं. संध्याकाळी चहा पुढ्यात घेऊन तुम्ही विचारलंत, "तुला काय ऐकू आलं नव्हतं न्हवं?" मी नाही म्हटलं. "मग माझंच चुकलं," म्हणालात आणि चहा तसाच ठेवून उठलात. त्यानंतर मोठं काम कुणी तुमच्याकडे आणलं नाही. दोन वर्षांत तुम्हीही गेलात.

काल दसरा होता. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, ह्यांनी किल्ली फिरवली आणि मला ठोका ऐकू आला. हे म्हणाले, "अगं, परवाच चेक करून आणलंय. काहीतरीच तुझं." मी आतून स्क्रूड्रायव्हर आणला, इंजिनावर टेकवला आणि मूठ लेकीच्या कानाला दिली. ती आता कॉलेजात जाते. तिने डोळे मिटून ऐकलं. "नथिंग, आई. कॅन वी गो नाऊ?"

मी इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली. लेक रुसून वर गेली, हे अजून बोलत नाहीत. पोरीला खरंच काही ऐकू आलं नसेल. मला तर ते इंजिन फुटल्यापासून प्रत्येक गाडीत येतो तो आवाज, त्यामुळे माझ्या कानाचं काय खरं.

लिंबू चाकाखाली अजून अख्खं आहे. हा कागद मी घडी घालून तुमच्या स्क्रूड्रायव्हरपाशीच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? आबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. ठोका होता. मी ऐकला होता.