बैलांचा सोमवार

रामनगर, सोमवार, १२ जानेवारी १९५९

वखारीत ओंडके साठवणं म्हणजे पैसा कुजवणं, हे आमच्या नव्या मॅनेजरांचं मत. म्हणून रोजचे ओंडके रोजच यायचे. आज करवत तयार, वखार रिकामी. मॅनेजरांनी गाडीवान यल्लाप्पाला बोलावलं.

"सोमवारी बैल जुंपत न्हाई, सायेब. बसवण्णाचा, नंदीद्येवाचा वार हाय."

"आधी सांगायचंस!"

"सोमवार येनार, हे तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

शेजारी हजेरी लिहीत बसलेला मी खोकल्याचं निमित्त करून हसलो. पण करवतीवरचे गडी बिनमजुरीचे घरी गेले. संध्याकाळी मॅनेजरांनी तोड काढली: दर सोमवारी करवत बंद, मजुरीही बंद. बैलांच्या सोमवाराला देव तरी आहे. गड्यांच्या सोमवाराला कोण? रविवारी ओंडक्यांची एक खेप जादा उतरवली की सोमवारी करवत चालेल. उद्या हे मॅनेजरांना सांगायचं. आणि सांगताना थट्टा करायची नाही. जमेल मला?