सीमेवरच्या बसमधला रुमाल

संघप्रिया बाळा, जय भीम.

नेपाळ सीमेवर तुझ्या नोकरीच्या गावाला तुझ्याच खटपटीनं पहिली बस आली, अन् आपल्या सोनपेठच्या सवयीनं तू जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकलास. पडला समजून एक म्हातारी तो तुला परत द्यायला धावली! तुझी आई अजून हसायलीय.

काल मात्र फोनवर तू रडलीस. तरणी माणसं शहरात गेली, बस रिकामी पळायलीय, बंद करणार म्हणतेत. मग तिथल्या बायांचे बटाटे बाजाराला न जाता पुन्हा घरातच सडणार.

मी जन्मभर कंडक्टर, तरी मला आधी बरंच वाटलं. बस बंद झाली की तू घरी येशील. हे वाचलंस तर खरंच निघून येशील, म्हणून पत्र धाडत न्हाई. पाकिटात नुसता माझा रुमाल धाडायलोय.

बघून तुला कळंल, जागा धरायचीय. बसच्या खिडकीजवळ टाक. आमी दोघं यायलोत. तेवढीच दोन तिकिटं वाढतील.

तुझा बाप,
सिताराम कंडक्टर