तांबडा ठिपका

१७ जून १८६७, सोमवार

स्टूल, रंगपेटी, कागद — सगळं कोरडं पोचलं. मी सोडून! घोडागाडीत आत जागा होती, पण आत बसून डोंगर कसे दिसणार? म्हणून टपावर बसलो. शेजारी एका बाईंचं कोंबड्यांचं खुराडं होतं. निम्म्या वाटेत माझी छत्री त्यावर धरावी लागली. बाई म्हणाल्या, तुम्ही भिजलेलेच आहात, त्या अजून नाहीत.

लोरी पॅरी दारातच उभी होती. एकोणीस उन्हाळे मी आणि बायको, हेस्टर, वेल्समधल्या तिच्याच शेतघरात उतरत आलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे गाडीकडे. मग माझ्या हॅटवरची दुखवट्याची काळी फीत तिला दिसली.

"कधी?"

"नोव्हेंबरात."

ती आत गेली. ओटची भाकरी आणि ताक आणून ठेवलं आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. बरं वाटलं.

हेस्टरची तांबडी शाल ट्रंकेच्या तळाशी आहे. तोंडाने कुणाला सांगणं जमणार नाही, म्हणून इथे लिहितो. माझ्या प्रत्येक चित्रात पाण्याच्या काठावर एक छोटा तांबडा ठिपका असतो. एवढ्या हिरव्या-करड्यात नजर टेकायला काहीतरी तांबडं लागतं. सगळेच चित्रकार ठेवतात, बहुतेकांचा मनातला असतो. माझा खरा होता. हेस्टर शाल पांघरून तळ्याच्या पलीकडच्या काठी खडकावर बसायची. ती गेल्यापासून माझं एकही चित्र पुरं झालेलं नाही. डोंगर होतो, पाणी होतं, ठिपक्यापाशी हात थांबतो. इथेही तेच झालं तर रंगपेटी कायमची बंद करायची. श्रूझबरीच्या शाळेत मुलांना पट्टीने चौकोन काढायला शिकवायचे, बस्स.

१८ जून

पाऊस. लोरीचे सासरे गुटो म्हणतात हा पाऊस नव्हे, हवाच जरा ओली आहे.

१९ जून

उघडलं! आणि कसं उघडलं! शाबॉद डोंगराचं डोकं ढगातून असं वर आलं, जसा कुणी अंघोळीच्या टबातून उठावा. मी अक्षरशः पळत तळ्यावर गेलो. पन्नाशीचा माणूस, पाठीला स्टूल, काखेत छत्री, पळतोय! नेहमीच्या जागी छत्री रोवली. आकाश एका दमात झालं. कागद ओला असतानाच निळा सोडला आणि तो नेमका हवा तिथे थांबला. वर्षभरात असा हात चालला नव्हता. शीळ घालत होतो. आपण शीळ घालतोय हे लक्षात आलं तेव्हा गप्प झालो.

मग एक एडका माझी भाकरी खाऊन गेला. रुमालासकट.

तळ्याच्या टोकाला यंदा आणखी एक पांढरी छत्री आहे. कुणी मिस गॉन्ट, लिव्हरपूलच्या. पुरुषी बूट, आवाज डोंगराला धडकून परत येईल असा. दुपारी ओरडून मला विचारलं, तुमच्याकडे जास्तीचा निळा आहे का. अर्धं तळं चालून निळा देऊन आलो. मला लांबचं नीटसं दिसत नाही, म्हणाल्या, पण निळं संपलेलं बरोबर दिसतं.

चार वाजता ठिपक्यापाशी आलो. कुंचल्यात तांबडा भरला. धरून बसलो. तो कुंचल्यावरच वाळला.

२० जून

लोरीने चित्र चुलीपाशी वाळत ठेवलं होतं. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, काठावर हे एवढंसं कोरं का सोडलंय? उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय. मी सांगून टाकलं. एवढं एका दमात मी या घरात कधी बोललो नसेन.

गुटोंनी पाइप काढला. "मग बसायला माणूसच हवं ना? मी बसतो."

"मामंजी, तुम्हाला दाढी आहे," लोरी म्हणाली.

"ठिपक्याला दाढी दिसते का, मास्तर?"

नाही दिसत. खरं म्हणजे मुळीच दिसत नाही.

२१ जून

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

गुटो शाल पांघरून हेस्टरच्या खडकावर बसले. पंच्याहत्तरीचा मेंढपाळ, पण बसले कसे, तर राणीच्या थाटात, हनुवटी वर, हात मांडीवर. लोरी माझ्या पाठीशी उभी राहून सूचना देत होती. मामंजी, तोंड मिटा, चित्रात येतंय. मामंजी, पाय. दहा मिनिटांत गुटो झोपले. हळूहळू राणी एका बाजूला कलायला लागली. तेवढ्यात परवाचाच एडका आला, शालीचा पदर हुंगला आणि मागून अशी ढुशी दिली, की गुटो गुडघाभर पाण्यात! तिथूनही ते मला ओरडून विचारत होते, हलू का आता?

मी हसलो. हसता हसता स्टूल मोडलं. गवतात पडलो तरी हसतच होतो. लोरी डोळ्यांना एप्रन लावून, गुटो पाण्यात, एडका खडकावर. किती महिन्यांनी असा हसलो. मग वाटलं, हेस्टरची शाल भिजली आणि मी हसतोय. मग वाटलं, ती असती तर तिनेच आधी सुरुवात केली असती.

ठिपका राहिलाच.

२२ जून

स्टुलाला गुटोंनी नवा पाय बसवला. तो इतर पायांहून लांब आहे. शाल दिवसभर चुलीवर वाळतेय, तिला धुराचा वास लागला.

२३ जून, रविवार

रविवारी इथे चित्र काढणं म्हणजे चोरीच. लोरीने रंगपेटी सकाळीच पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. गावच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला गेलो. एकोणीस वर्षांत वेल्श भाषा चार शब्दांपलीकडे आली नाही, पण गावकरी गायला लागले की बाकं हलतात, आणि आपल्या छातीतलं काहीतरी बाकाबरोबर हलतं. मीही गायलो. शब्द कुठले गायलो, देव जाणे.

बाहेर आल्यावर बायकांनी घेरलं. गुटोंची गोष्ट गावभर झालेली! प्रत्येकीची तयारी होती. एक म्हणाली माझी पाठ सरळ आहे, दुसरी म्हणाली हिची जीभ सरळ नाही, मला बसवा. मी नुसता हॅट हातात घेऊन मान हलवत होतो.

परत येताना लोरी एकदम म्हणाली, "तुमच्या बाई तिथे नुसत्या बसायच्या नाहीत, मास्तर. तुमच्याकडे बघून हसायच्या. मी ताक घेऊन जायचे तेव्हा बघितलंय. खांदे हलायचे त्यांचे."

मी विचारलं, कशाला हसायची?

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, इथे बसल्याशिवाय नाही कळायचं. आणि मला बसून बघायला वेळ कुठे होता, गाई धारेच्या असताना?"

मला झोप येणार नाही. एकोणीस उन्हाळे! काय हसत होती?

२४ जून

सकाळीच गेलो. आज जागा बदलल्या. गुटो माझी हॅट घालून माझ्या छत्रीखाली बसले, हातात माझा कुंचला. मी तळ्याला वळसा घालून खडकावर. पहिल्यांदाच. गारठा बोचरा होता, शाल गुंडाळली, डोक्यावरूनही घेतली.

बसलो आणि समोर बघितलं.

तळं आरशासारखं. पलीकडे पांढरी छत्री, खाली दोन बारीक पाय. पाण्यात तेच, उलटं. दोन भलीमोठी अळंबी, एकमेकांच्या पायाला पाय लावून उभी! गुटो पुढे वाकले की हॅट छत्रीला लागून वरचं अळंबं वाकायचं आणि खालचं त्याला नमस्कार करायचं. हा मी! एवढा गंभीर होऊन, कपाळाला आठ्या घालून डोंगर काढणारा मी, आणि तिला रोज हे दिसायचं!

हसू आवरेना. माझेही खांदे हलायला लागले. मग रडूही आलं, पण हसू थांबलं नाही, दोन्ही एकदमच चाललं होतं. बाजूने आवाज आला, डोंगरावर आपटून परत येणारा: "बाई, हलू नका! फार छान बसला आहात!"

मिस गॉन्ट. त्यांना मी गावातली बाई वाटलो! ओरडून सांगणार होतो. का कोण जाणे, नाही सांगितलं. हललो नाही. दुपार उलटेपर्यंत बसलो. चिलटं कानात शिरत होती. नुसतं बसणं किती कठीण असतं! पण तळ्याच्या दुसऱ्या टोकाचा डोंगर तिथून जास्त मोठा दिसतो, हेही आजच कळलं.

२५ जून

संध्याकाळी मिस गॉन्ट चित्र घेऊनच घरी आल्या. लोरीच्या हातात नाणं ठेवून म्हणाल्या, त्या शालवाल्या बाईंना द्या, इतकी चांगली बसणारी मला आजवर भेटली नाही. लोरीने नाणं माझ्यासमोर ठेवलं. मी उचलून खिशात टाकलं.

मिस गॉन्ट माझ्याकडे बघत राहिल्या. मग शालीकडे, ती खुंटीवर होती.

"तुम्ही?"

"मीच."

त्या मटकन बाकावर बसल्या आणि इतक्या हसल्या की कुत्रा भुंकायला लागला. हसून झाल्यावर लोरीने त्यांना हेस्टरचं सांगितलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. म्हणाल्या, हवं तर तो ठिपका पुसून टाकते, ओल्या स्पंजाने निघेल.

चित्र बघितलं. मोठा डोंगर, मोठं पाणी, काठावर एवढासा तांबडा, जरा वाकलेला. किती एकटा दिसतो असं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तो हसतोय हे मला माहीत होतं.

"राहू द्या," म्हटलं.

२६ जून

चित्र पुरं झालं. खडकावर बसून काढलं. शाबॉद, पाणी, पलीकडे पांढरी छत्री, पाण्यात उलटी. तांबडं कुठेच नाही. शाल माझ्या अंगावर होती.