अप्पांच्या पिकअपचा रेडिएटर

गुरुवार, कंधार

उलटा केला तसा जुन्या पितळी रेडिएटरमधून हळदीचा पिवळा लगदा बाहेर आला. गळती थांबावी म्हणून वडील, अप्पा, त्यात हळद टाकत आले. त्या हळदीनेच आतल्या नळ्या बुजल्या.

"माणसाची जखम भरती हळदीनं, गाडीची न्हाई भरायची का?" अप्पा म्हणाले. मला हसू आलं. त्यांना नाही.

मुखेडच्या रस्त्यावर पिकअप उकळून बंद पडली, तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. विकून टाक म्हणतात. त्यांनी पुन्हा चालवावी, एवढंच मला हवं आहे.

पितळीच दुरुस्त करावा, की नांदेडहून अॅल्युमिनियमचा आणावा? अॅल्युमिनियमचा पाणी लवकर थंड करतो, पण जाड असतो. इंजिनच्या पंख्यापासून त्याला बोटभर अंतर हवं. त्याच्या जाडीचा पुठ्ठा लावून दोनदा पाहिलं. बोटभर आहे. पण माझं बोट बारीक. शेवटी अप्पांना बोलावलं. त्यांनी आपलं बोट घातलं.

"बसतंय की. ह्यात हळद टाकू देशील?"

"न्हाई."

"बरं. आण मग."

शुक्रवार. सकाळच्या एसटीने अप्पाही नांदेडला आले. परत येताना नवा रेडिएटर मांडीवर घेऊन बसले, मला धरू दिला नाही.