रिझाइन आणि री-साइन

३ मार्च, सकाळ
माझा वार्षिक करार ३१ तारखेला संपतोय. पुन्हा सही करणार असाल तर कळवा, असं साहेबांचं पत्र. अकरा वर्षं या ऑफिसचं इंग्रजी मीच सांभाळतोय. उत्तर एका ओळीत, इंग्रजीत दिलं: मी री-साइन करतो. टाइप करणाऱ्या बाई म्हणाल्या, 'री' आणि 'साइन'च्या मध्ये आडवी रेघ हवी. रेघेशिवाय स्पेलिंग तेच, पण शब्द होतो 'रिझाइन', म्हणजे राजीनामा. आता या मला शिकवणार! म्हटलं, बाई, संदर्भ नावाची एक चीज असते. रेघ दिली नाही.

५ मार्च
साहेबांनी राजीनामा मंजूर केला. खेदपूर्वक.

५ मार्च, दुपार
नेमणुका बघणाऱ्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "तुम्हाला री-साइनच म्हणायचं होतं ना? रेघ मारा, मी साहेबांशी बोलते." पेनही पुढे केलं. पण टाइपवाल्या बाई दारातच उभ्या. त्यांच्यादेखत रेघ मारू?
म्हणालो, "मॅडम, जे लिहिलंय तेच मला म्हणायचंय."
मोडेन पण वाकणार नाही. आज स्वतःचा अभिमान वाटला. जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

८ मार्च
बायकोला सांगितलं, नोकरीचा कंटाळा आला, सोडली. तिने विचारलं, कंटाळा कधीपासून? म्हटलं, बुधवारपासून.
संकल्प: इंग्रजीचे खासगी वर्ग. पहिला धडा, सारखे दिसणारे शब्द.

१४ मार्च
वर्गाची पाटी लावली. चौकशी एक. मेहुण्याची. राजीनाम्याचा नमुना मिळेल का, म्हणाला. बायकोचा भाऊ म्हणून सोडला.

२२ मार्च
माझ्यावाचून ऑफिसचं अडणार. येतील पाय धरत. आज बाईंनी स्वतः लिहिलेलं एक पत्र हाती लागलं. चुका काढायला बसलो. तीनदा वाचलं. समास जरा कमी सोडलाय.

३१ मार्च
निरोप समारंभ. साहेब भाषणात म्हणाले, यांच्या लिहिण्यात कधी दोन अर्थ निघाले नाहीत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

२ एप्रिल
सकाळी मॅडमकडे गेलो. दार लावून घेतलं. "रेघ राहिली होती," म्हणालो.
मॅडम म्हणाल्या, जागा कालच भरली. टाइपवाल्या बाईंना दिली. गोदामात पावत्यांवर शिक्के मारायला माणूस हवाय, पगार निम्मा. म्हटलं, विचार करून कळवतो. माझ्यासारख्याने शिक्के मारायचे? जिना उतरताना गोदामाच्या रखवालदाराला सहज विचारलं, कामावर किती वाजता यावं लागतं. सातला.
घरी एक अक्षर बोललो नाही. बायको आतूनच म्हणाली, मॅडमचा फोन येऊन गेला. उद्या डबा किती वाजता हवा?
सहाला, म्हणालो.