धाकट्याचं वाचलेलं घर

बाबा, टेक्ससला, फ्रिस्को गावी, तुमच्या धाकट्याकडे आले आहे. तो आणि त्याची बायको मुलांना शाळेत सोडायला गेलेत आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले आहे. लांबच लांब ओटा, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, हॉलमध्ये तुमचा फोटो. माझ्याकडचा तुमचा फोटो दोन वर्षं खोक्यातच आहे, कारण आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. खरं सांगते, या घराची एकेक भिंत माझ्या डोळ्यांत खुपते.

आमचं एडिसन गावातलं घर गेलं, हे तुम्हाला कुठून कळणार. ह्यांची नोकरी गेली, हप्ते थकले, बँकेची जप्तीची नोटीस आली. वकीलबाईंनी सरळ सांगितलं, कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करा, लिलाव तिथल्या तिथे थांबेल, थकलेले हप्ते पाच वर्षांत फेडा आणि राहा घरात. मी म्हटलं, "आमच्यात असं करत नाहीत." आमच्यात म्हणजे तुमच्यात. सहामाहीला मला गणितात बासष्ट मिळाले तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठला होतात. त्या मुलीने दिवाळखोर म्हणून सही करायची? मिळेल त्या किमतीला घर विकून टाकलं आणि सगळ्यांना, धाकट्यालासुद्धा, सांगितलं की मुलं कॉलेजला गेली, एवढं मोठं घर काय करायचंय.

मागच्या वर्षी त्याच्यावर तीच वेळ आली. इथे टेक्ससमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव होतात. आदल्या शनिवारी त्याचा फोन आला. "ताई, लॉयर म्हणतोय बँकरप्सी फाइल कर, ऑक्शन थांबेल. मंडेला डिसाइड करायचंय. काय करू?" अर्ज केला तर घर वाचतं, हे मला त्याच्या आधीपासून माहीत होतं, बाबा. तरी मी म्हटलं, "बाबांची मान खाली गेली असती." तो म्हणाला, "बाबांची? अगं यार, बाबा म्हणाले असते, आधी घर वाचव. मी बारावीत फेल झालो तेव्हा मला मिसळ खायला घेऊन गेले होते. म्हणाले, फॉर्म भर, परत बस."

ही मिसळ मला माहीतच नव्हती. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. घराचा हेवा मी एखादवेळेस गिळलाही असता, पण परत बस म्हणणारे बाबा त्याला मिळाले आणि ताटावरून उठणारे मला, हे काही केल्या गिळवत नाही. तुम्हाला दोन्ही येत होतं, तर मला एकदा तरी न्यायचं होतंत.

गाडी आली वाटतं. हा कागद आता पर्समध्ये जाईल आणि तिथेच राहील. एवढंच सांगायचं राहिलं. सोमवारी त्याने अर्ज केला आणि मंगळवारी दुपारी फोन आला, "ऑक्शन कॅन्सल झालं, ताई." मी म्हटलं, "छान झालं रे," आणि फोन ठेवून रडले. ह्यांना वाटलं, भावाचं घर वाचलं म्हणून रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.